पुष्पक आणि उत्पादन बंद झालेल्या इतर विमानांच्या मालकांसाठी

जुनी विमानं दुरुस्त करणाऱ्या आमच्या हँगरवर नवा ग्राहक आला की तो आधी विचारतो, "खर्च किती?" आणि आम्ही आधी विचारतो, "लॉगबुकं, म्हणजे उड्डाणं आणि दुरुस्त्यांच्या नोंदवह्या, आहेत का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं. ते नीट कळावं म्हणून हे पत्रक.

उदाहरण पुष्पकचंच घेतो. बंगळूरच्या एचएएलचं हे दोन आसनी विमान 28 सप्टेंबर 1958 रोजी पहिल्यांदा उडालं. तिथल्या रचनेच्या कामाची धुरा तेव्हा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती. जर्मनीत गोटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला हा मराठी माणूस. पुष्पकचा ढाचा मात्र अमेरिकेतल्या एरोंका चीफवरून घेतलेला. दीडशेच्या आसपास विमानं तयार झाली, देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली आणि मग उत्पादन थांबलं.

इंजिनाची फार काळजी करू नका

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पुष्पकचं इंजिन कॉन्टिनेंटल सी-90, 90 अश्वशक्तीचं. सेस्ना 150 मधलं ओ-200 हे त्याचंच भावंड. दोघांची घनक्षमता सारखीच, 201 घनइंच. ओ-200 जगभर उडत असल्यामुळे सी-90 ला चालणारे बरेच भाग अजून मिळतात.

त्रास देतं ते इंधन. हे इंजिन 80/87 ग्रेडच्या पेट्रोलसाठी बनलं आणि ते पेट्रोल आता बाजारात नाही. हल्ली मिळतं ते 100 एलएल. 2022 पासून इंडियन ऑइल ते गुजरात रिफायनरीत बनवते. त्यात शिशाची कमाल मर्यादा जुन्या पेट्रोलच्या चौपट आहे. हे शिसं प्लगांवर बसतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकवतं. म्हणून प्लग लवकर लवकर काढून साफ करा. ऑइल फिल्टर नसून नुसती जाळी असेल, तर ऑइल दर 25 तासांनी बदला. इथे केलेली काटकसर पुढे सिलिंडरवर निघते.

अजून एक. इंजिनाच्या पूर्ण नावात, सी-90-8एफ मध्ये, जो 8 आहे तो सांगतो की या इंजिनाला स्टार्टर आणि जनरेटर नाहीत. पंखा (प्रोपेलर) हातानेच फिरवून इंजिन सुरू करायचं. मॅग्नेटोपासून (प्लगांना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रापासून) स्विचपर्यंत जाणारी बारीक तार तुटली, तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि पंखा नुसता हलवला तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. हँगरमध्ये विमान सरकवताना पंख्याला धरून ओढणारे आम्ही रोज पाहतो. कृपया हे करू नका, आणि शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना तर पंख्याजवळ अजिबात उभं करू नका.

खरा खर्च कापडाखाली

सांगाडा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा, वर कापड आणि डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप. रंग चकचकीत आहे म्हणजे कापड ठणठणीत आहे, असं नसतं. ग्रेड ए सुती कापड नवं असताना एका इंचाच्या पट्टीला 80 पौंड ताण सोसतं. जिथे हाच ग्रेड बंधनकारक आहे, तिथे ताकद 56 पौंडांच्या खाली आली की कापड बाद.

पण आम्हाला झोप लागू देत नाहीत त्या शेपटीकडच्या नळ्या. हे विमान शेपटीच्या चाकावर बसतं, म्हणून आत शिरलेलं पाणी उतरत उतरत सगळ्यात खालच्या नळीत, मागच्या खांबाजवळ साठतं. रंगकाम करणाऱ्याने कापडाच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोकं रंगाने बुजवली असतील तर संपलंच. नळी बाहेरून गुळगुळीत दिसते, आतून मात्र गंजत असते. आम्ही तिथलं कापड कापतो आणि नळीच्या पोटावर पंच मारत जातो. चांगल्या नळीवर टोक उसळतं, नुसता ठिपका उमटतो. गंजलेल्या नळीत ते थेट आत घुसतं आणि बाहेर काढलं की पाठोपाठ तपकिरी भुकटी सांडते. मग तेवढा तुकडा कापून नवीन नळी जोडायची, आत गरम जवसाचं तेल फिरवायचं, ते पूर्ण निथळू द्यायचं आणि तोंड बंद करायचं.

म्हणूनच आमचं अंदाजपत्रक दोन टप्प्यांत येतं: कापड काढण्याआधी एक, काढल्यावर दुसरं. कापड न उघडता कुणी एकच ठाम आकडा देत असेल, तर त्याच्याकडून तो लेखी घ्या.

कागद नसलेला भाग म्हणजे भंगार

ताणाचा दांडा असो की ब्रेकचा पेडल, सुटा भाग कितीही चांगला असला तरी त्याच्यासोबत मान्य प्रमाणपत्र हवं: अमेरिकेच्या विमान नियामकाचं एफएए 8130-3, युरोपचा ईएएसए फॉर्म 1 किंवा आपल्याकडचा सीए फॉर्म 1. एरोंकाचा भाग पुष्पकला हुबेहूब बसतो म्हणून तो चालतो असं नाही. अमेरिकेत मालकाला स्वतःच्या विमानासाठी भाग बनवून घेण्याची मुभा नियमातच आहे. ती वाचून गावातल्या लेथवाल्याकडे जाऊ नका. इथे डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान नियामकाच्या, मंजुरीशिवाय आमचा इंजिनिअर सही करणार नाही.

जुना, मोडलेला भाग फेकू नका. नकाशा मिळाला नाही तर मोजमाप घ्यायला तोच कामी येतो. न उडणारं दुसरं पुष्पक कागदपत्रांसह मिळत असेल, तर उचला. बीचक्राफ्ट कंपनीच्या स्टारशिप विमानाच्या मालकांनी असंच काहीसं केलं. जेमतेम 53 बनलेली ही विमानं सांभाळणं परवडत नाही म्हणून 2003 मध्ये कंपनीने ती परत घेऊन मोडायला काढली. काही मालकांनी विमान दिलं नाही, उलट सुट्या भागांचा साठा विकत घेऊन ठेवला. त्यातलंच एक 2004 मध्ये स्पेसशिपवन या खासगी अंतराळयानाच्या उड्डाणांवेळी सोबतीला उडत होतं.

काही विमानांना आम्ही नाही म्हणतो. लॉगबुकं हरवलेली, मुख्य नळ्या गेलेल्या, वर मालकाला ते लग्नाच्या वरातीवर फुलं टाकायला हवं आहे. अशा विमानाला रंग देऊन क्लबच्या दारात उभं करा, त्यासाठी लागेल ती मदत आम्ही करू.

येताना काय आणायचं? विमान, इंजिन आणि पंखा यांची वेगवेगळी लॉगबुकं, शेवटचा वजन-तोल अहवाल, आणि आधीच्या दुरुस्त्यांचे फोटो असतील तर तेही. विमान पावसाळ्यात आणलं तर तपासणी होईल, पण डोपचं काम होणार नाही. दमट हवेत डोप वाळताना पांढरा पडतो आणि कापड नीट ताणलं जात नाही. कापड बदलायचं असेल तर होळीच्या आत किंवा दसऱ्यानंतर विमान आणा, आणि जागा एकाच विमानाची असल्यामुळे आधी फोन करा.