इनिट बदलाल हो, स्क्रिप्ट कोण लिहिणार?

लिनक्स सुरू होताना कर्नल (सिस्टमचा गाभा) जो पहिला प्रोग्राम चालवतो तो इनिट, प्रोसेस क्रमांक १. डेबियन या लिनक्स वितरणात हे काम वर्षानुवर्षं सिसव्ही-इनिटकडे होतं. मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी लिहिलेला हा प्रोग्राम तसा लहानसाच. खरा पसारा 'इनिट.डी' फोल्डरमध्ये: प्रत्येक सेवेची, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची, वेगळी शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल), आणि ती लिहायची त्या त्या पॅकेजच्या मेंटेनरने, म्हणजे ते सांभाळणाऱ्याने. सर्व्हर बॅकग्राउंडला ढकला, त्याचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) एका फाइलमध्ये लिहून ठेवा, थांबवताना तीच फाइल वाचून सिग्नल पाठवा. सर्व्हर मध्येच मेला तर फाइल तशीच पडून राहते. तोवर तो क्रमांक दुसऱ्याच प्रोसेसला मिळाला असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

२०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टमडी हा नवा इनिट आणला. स्क्रिप्टच्या जागी सेवेचं वर्णन करणारी काही ओळींची युनिट फाइल. मेंटेनरला हे आवडलं नसतं तरच नवल. २०११ मध्ये फेडोरा या दुसऱ्या वितरणाने १५ व्या आवृत्तीत तो स्वीकारला. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी आणि उबुंटूचा अपस्टार्ट यांच्यात मतं सारखी पडली, आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मतावर सिस्टमडी जिंकला. नोव्हेंबरात नाराज मंडळींनी देवुआन नावाची, सिस्टमडी नसलेल्या डेबियनची, वेगळी चूल मांडली. त्यांची पहिली स्थिर आवृत्ती यायला २०१७ उजाडलं.

या भांडणावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. मला त्यापेक्षा मागची हमाली महत्त्वाची वाटते. गेरिट पापे यांचा रनिट हा पर्यायी इनिट घ्या. त्यात सर्व्हर फोरग्राउंडलाच चालतो, देखरेख करणारी प्रोसेस त्याची थेट पालक असते, त्यामुळे पीआयडी फाइलची भानगडच नाही. 'रन' स्क्रिप्ट तीनचार ओळींत आटपते. पण त्या तीनचार ओळी प्रत्येक सेवेसाठी कुणीतरी लिहून, तपासून, दर अपग्रेडला पुन्हा पाहायच्या असतात. डेस्कटॉपचं दुखणं आणखी निराळं: ग्नोम या डेस्कटॉपला लॉगिनडी (वापरकर्त्यांची लॉगिन सत्रं सांभाळणारा प्रोग्राम) हवा, आणि तो सिस्टमडीचा भाग. म्हणून २०१५ मध्ये ग्विक्स या वितरणासाठी तो सिस्टमडीतून सोडवून ईलॉगिनडी बनवला गेला. आता तोही कुणीतरी सांभाळायचा!

सिसव्ही-इनिटची २.८८ आवृत्ती २०१० ची, २.८९ यायला २०१८ उजाडलं, तेही नव्या स्वयंसेवकाने काम अंगावर घेतलं म्हणून.

डिसेंबर २०१९ च्या मतदानात डेबियनने ठरवलं, की भर सिस्टमडीवर, पर्याय धुंडाळणाऱ्यांना मात्र आडकाठी नाही. प्रत्येक पॅकेजने इनिट स्क्रिप्ट द्यायलाच हवी, हे बंधन सुटलं. पुढच्याच वर्षी नेटवर्क-मॅनेजरची स्क्रिप्ट काढली गेली आणि वाद परत तांत्रिक समितीपुढे गेला. अशा काढून टाकलेल्या स्क्रिप्ट गोळा करून स्वयंसेवकांनी डेबियनमध्ये एक स्वतंत्र पॅकेज केलं. त्याचं नाव 'ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स'.