एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

गौरीपूजनाच्या रात्री आमच्या नौपाड्याच्या घरी जागरण असतं, आणि जागरण म्हटलं की पत्ते. हल्ली तीन पत्तीच्या जागी पोकर आलं आहे: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच, आणि त्या सातांतून ज्याची पाच पानं सरस, तो जिंकतो. पैशांऐवजी चिंचोके लावतो. यंदा रात्री दीडच्या सुमाराला भाच्याला एक्क्यांची जोडी आली, सरासरी 221 डावांत एकदा येणारी. त्यानं सगळे चिंचोके पुढे सारले. त्याच्या मावशीकडे राजांची जोडी होती. मधली चार पानं उलटली, तरी तिला काही लागलं नाही. पाचवं पान निघालं चौकट राजा.

"मामा, यात माझं काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही. चिंचोके लावले तेव्हा एक्के जिंकायची शक्यता सुमारे 82 टक्के होती. दोघांच्या हातातली चार आणि मधली चार पानं उघडल्यावर न दिसलेली 44 पानं उरली आणि त्याला हरवू शकणारे राजे त्यात दोनच, म्हणजे 22त एक. पण 82 टक्के म्हटलं की आपण मनातल्या मनात त्याचे 100 करून टाकतो. असे पाच डाव ओळीनं जिंकण्याची शक्यता फक्त 37 टक्के आहे. पाचांत एकदा तरी हरणं हेच जास्त संभवतं. हातात आलेला डाव असा शेवटी निसटण्याला पोकर खेळणारे 'बॅड बीट' म्हणतात.

'कूलर' त्याहून क्रूर. तुमच्या हातात पंजांची जोडी आहे आणि मध्ये नव्वा, पंजा, दुर्री पडली. तीन पंजे! पण समोरच्याच्या हातात नव्व्यांची जोडी. तुम्ही पहिल्यापासूनच मागे होता, आणि कितीही जाणता खेळाडू असता तरी इथे चिंचोके गेलेच असते.

"एवढं वाईट झालं, आता पुढचा मोठा डाव माझाच," भाचा म्हणाला. पत्ते पुन्हा पिसले की मागचं काहीच उरत नाही. 18 ऑगस्ट 1913 रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या फिरत्या चाकावर ओळीनं 26 वेळा काळा रंग आला. 'आता लाल येणारच' म्हणून लोक वाढती रक्कम लावत राहिले आणि बुडाले.

मग कौशल्य दिसतं कधी? मला या विषयात सर्वांत भावतो तो हाच प्रश्न. समजा, एक चांगला खेळाडू दर 100 डावांमागे सरासरी 5 चिंचोके कमावतो. पण त्याच 100 डावांतला चढउतार, संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन, 90 चिंचोक्यांचं आहे. पोकरमध्ये असं गुणोत्तर मुळीच अवास्तव नाही. 10,000 डाव झाले की कमाई 100 पट होते, 500. चढउतार मात्र वर्गमुळाच्या चालीनं वाढतो: 100चं वर्गमूळ 10, म्हणून 900. कमाई हळूहळू चढउताराला गाठते, पण इथवर गाठलेलं नसतं. अशा 100 उत्तम खेळाडूंपैकी 29 जण 10,000 डावांनंतरही तोट्यात असतील. सरासरी अखेर आपल्या जागी येते हे गणिती याकोब बर्नुलीनं सिद्ध केलं, ते 1713 मध्ये छापलं गेलं. पण ती सावकाश येते. आमच्याकडे एका जागरणात फार तर 70 डाव होतात आणि गौरी वर्षातून एकदाच. 10,000 डावांना 140हून जास्त वर्षं लागतील! एका रात्रीच्या ढिगावरून कोण हुशार हे ठरवणं किती कच्चं आहे, ते यावरून कळावं.

म्हणून मी भाच्याला त्याचे बाकीचे डाव आठवायला लावले, प्रत्येक वेळी निर्णय घेताना त्याला काय दिसत होतं तेवढंच धरून. अकराच्या सुमाराच्या एका डावाशी आम्ही थांबलो. तेव्हा हातातली आणि मधली पानं मिळून त्याच्याकडे चार बदाम होते, एकच पान यायचं होतं; पाचवा बदाम आला तरच डाव त्याचा. समोरच्यानं उरलेले सगळे 20 चिंचोके लावले, मध्ये 40 झाले, आणि यानं 20 भरून पान बघितलं. न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9 होते. पाचांत जेमतेम एकदा मिळणाऱ्या 40साठी 20 घालायचे, म्हणजे असं दर वेळी केलं तर सरासरी 8 चिंचोके बुडणार. रात्रभरातली त्याची सर्वांत मोठी चूक हीच होती. तिच्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता, कारण शेवटचं पान बदाम सत्ती निघालं होतं आणि डाव त्यानंच जिंकला होता.