थरथर म्हणजे ताकद नव्हे

"जुन्या ढंगाची बाइक जितकी थरथरते तितकं इंजिन दमदार, थरथर गेली की दम गेला." हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण जुन्या, मोठ्या एका सिलिंडरच्या गाड्या थरथरायच्या खऱ्या आणि चढावर ओढायच्याही दणकून.

पण दोन्हींची कारणं वेगळी. ओढ येते सिलिंडरमध्ये जळणाऱ्या पेट्रोलमधून. थरथर मुख्यतः पिस्टनची: तो वर जातो, क्षणभर थांबतो, उलटा फिरतो आणि दरवेळी चासीला हिसका बसतो. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हा हिसका चौपट होतो. म्हणून त्याच गिअरमध्ये ६० ला गुणी वाटणारी गाडी ८० ला हात बधिर करते, आरशात मागचा ट्रक धूसर दिसतो. अनेक नव्या रेट्रो बाइकमध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट असतो. तो हिसका बराचसा खोडून काढतो. 'धकधक' मात्र राहते, कारण ती दर दोन फेऱ्यांमागे होणाऱ्या एका ज्वलनाची लय. (प्रेमात पडायचं तर तिच्या पडावं.)

तपासायचं कसं? मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर जाणवेल त्या वेगाला थ्रॉटल सोडून क्लच दाबा. लगेच विरली तर इंजिनाची. तशीच राहिली तर चाकं, टायर बघा. आणि कालपर्यंत नसलेली थरथर आज आली असेल, तर आधी इंजिनाचे माउंटिंग बोल्ट मेकॅनिककडून तपासून घ्या.