बेपत्ता प्रवाशाच्या पत्रांची उलटतपासणी

प्रवासाला निघालेला माणूस परत आला नाही, की त्याची पत्रे हाच त्याचा शेवटचा ठावठिकाणा उरतो. पूर्वी अशी पत्रे पाहण्यासाठी संग्रहालयांच्या परवानग्या मिळवाव्या लागत. आता अनेक ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी आपल्याकडच्या पत्रव्यवहाराची सुस्पष्ट छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या गूढाचा माग काढणारे हौशी शोधक जगभर तयार झाले आहेत. त्यांच्यापैकी काहींचे काम व्यावसायिक इतिहासकारांच्या तोडीचे असते. मात्र बहुतेकांची एक खोड सारखी असते: ते पत्रातून काय सिद्ध होते हे शोधत बसतात. जुने पत्र 'असे घडले' हे क्वचितच ठामपणे सांगते. 'असे घडलेले असू शकत नाही' हे मात्र ते पुष्कळदा निर्विवादपणे सांगते. पत्रांच्या तपासणीतले बहुतेक विज्ञान या दुसऱ्या प्रकारच्या उत्तरासाठीच उपयोगी पडते.

सुरुवात तारखेपासून करावी, कारण ती सर्वांत निरुपद्रवी वाटते. एका पत्राला किमान तीन तारखा असतात: ते लिहिल्याची, टपालात पडल्याची आणि पोहोचल्याची. पहिली लेखकाने स्वतः घातलेली असते, दुसरी आणि तिसरी टपाल खात्याच्या ठशांवरून कळते. पाकिटाच्या मागच्या बाजूला वाटेतल्या कचेऱ्यांचे ठसे असतील तर पत्राचा मार्ग जवळजवळ दिवसागणिक मांडता येतो. परंतु ठसा फक्त पाकिटाबद्दल साक्ष देतो. पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन पुढच्या गावी टाकायला सांगितलेले असू शकते, आणि मधल्या पन्नास वर्षांत घरातल्या कोणीतरी एका पाकिटातले पत्र दुसऱ्यात घातलेले असू शकते. म्हणून घड्यांच्या खुणा पाकिटाच्या मापाशी जुळतात का, हे पाहणे आवश्यक असते. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच सहसा टाळले जाते.

लेखकाने स्वतः घातलेली तारीखही विश्वासार्ह असतेच असे नाही. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात अनेक वर्षे जगाच्या दृष्टीने हरवलेला होता. आजच्या टांझानियातील उजिजी येथे, त्याच्या शोधात आलेला पत्रकार हेन्री स्टॅन्ली याने त्याला गाठले ती तारीख स्टॅन्लीच्या हिशेबाने १० नोव्हेंबर १८७१ होती, तर लिव्हिंगस्टनच्या नोंदवहीत हीच भेट ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवसांत पडते. एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या दिनदर्शिकांत असा फरक होता. आजारपण, ताप आणि वर्षानुवर्षांचा एकांत यांत दिवस मोजायचे राहून जातात.

याहून उद्‌बोधक उदाहरण सर जॉन फ्रँकलिन यांच्या आर्क्टिक मोहिमेचे आहे. १८४५ मध्ये इंग्लंडहून निघालेली 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे परतली नाहीत. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉकच्या शोधपथकातील लेफ्टनंट हॉबसनला किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत एक छापील कागद सापडला. कागद ज्याला मिळेल त्याने तो लंडनला पाठवावा, अशी विनंती त्यावर सहा भाषांत छापलेली होती. त्याच कागदावर दोन मजकूर होते. २८ मे १८४७ च्या पहिल्या मजकुरात सर्व काही ठीक असल्याचे लिहिले होते. समासात दाटीवाटीने लिहिलेल्या २५ एप्रिल १८४८ च्या दुसऱ्या मजकुरात फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी मरण पावल्याचे, एकूण २४ जण दगावल्याचे आणि उरलेल्या १०५ जणांनी जहाजे सोडल्याचे नमूद होते. मोहिमेच्या अखेरच्या टप्प्याविषयीची बहुतेक लेखी माहिती या एका कागदावरून मिळते.

पण या कागदात एक ढळढळीत चूक आहे. पहिल्या मजकुरानुसार जहाजांनी १८४६-४७ चा हिवाळा बीची बेटावर काढला. दुसरा मजकूर सांगतो की जहाजे १२ सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकून पडली होती, तीही तेथून कितीतरी दक्षिणेला. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. निवाडा करायला तिसरा पुरावा होता: बीची बेटावर १८५० मध्येच सापडलेल्या तीन खलाशांच्या थडग्यांवर १८४६ च्या जानेवारी आणि एप्रिल महिन्यांच्या तारखा होत्या. म्हणजे तो मुक्काम १८४५-४६ च्या हिवाळ्यातला होता. ज्या अधिकाऱ्यांनी तो हिवाळा स्वतः भोगला, त्यांनीच लिहिताना वर्ष चुकवले.

हॉबसनला त्याच किनाऱ्यावर थोड्या अंतरावर अशाच छापील नमुन्यावरचा आणखी एक कागद सापडला. त्यावर १८४८ चा मजकूर नव्हता; पहिला मजकूर मात्र होता, आणि त्यात वर्षाची तीच चूक होती. भोळ्या शोधकाला वाटेल की दोन कागद एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती पक्की. वस्तुतः सामायिक चूक याच्या उलट सांगते. दोन्ही कागद एकाच बैठकीत, बहुधा जहाजावरच, एकावरून दुसरा उतरवून भरले गेले असावेत. म्हणून त्यांची साक्ष दोघांची नसून एकाचीच आहे. हस्तलिखितांची वंशावळ लावणारे अभ्यासक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात: बरोबर मजकूर कोणाचाही सारखा असू शकतो, पण सारखी चूक समान मूळ दाखवते.

ठिकाणांच्या बाबतीत तर मुद्दाम दिशाभूल झालेली असण्याचीही शक्यता गृहीत धरावी लागते. १९२५ मध्ये ब्राझीलच्या जंगलात नाहीसा झालेला ब्रिटिश शोधप्रवासी पर्सी फॉसेट याचे शेवटचे पत्र २९ मे या तारखेचे आहे. ज्या तळावरून ते लिहिले त्या तळाचे अक्षांश त्याच्या लिखाणात एके ठिकाणी ११°४३′ दक्षिण, तर दुसरीकडे १३°४३′ दक्षिण असे आढळतात. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा हा घोळ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा आहे. अंकांची गफलत म्हणून तो सोडून देता येतो; परंतु प्रतिस्पर्ध्यांपासून आपला मार्ग लपवण्याची फॉसेटची सवय ठाऊक असल्यावर तसे करायला मन धजत नाही.

मजकुराकडून कागदाकडे वळल्यावर विज्ञानाचा जोर वाढतो. कागद प्रकाशासमोर धरला की गिरणीचे जलचिन्ह दिसते, आणि त्या गिरणीने ते चिन्ह कधी वापरले हे नोंदींवरून कळू शकते. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आला. त्याआधी कागद प्रामुख्याने चिंध्यांपासून बनत असे. अतिनील प्रकाशात कागद निळसर-पांढरा झगझगीत दिसू लागला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरले जाणारे शुभ्रकारक रसायन असण्याचा दाट संभव असतो, आणि मग १८९० ची तारीख घातलेले पत्र त्याच क्षणी संशयाच्या घेऱ्यात येते. शाईचेही तसेच. हिराकस आणि माजूफळातील टॅनिन यांच्या संयोगाने बनणारी काळी शाई युरोपात शतकानुशतके चालली. ती हवेतील ऑक्सिजनने काळी पडते, पुढे तपकिरी होते आणि तिच्यातील आम्लामुळे कधी कधी अक्षरांच्या जागी कागदाला भोके पडतात. पहिला व्यापारी यश मिळवणारा कृत्रिम रंग विल्यम पर्किनने १८५६ मध्ये तयार केला, तेव्हा कोळशाच्या डांबरापासून बनलेल्या रंगाची शाई त्याआधीच्या तारखेच्या पत्रात असूच शकत नाही.

या सगळ्या कसोट्या एकाच दिशेने चालतात, हे ध्यानात ठेवावे. नव्या घटकाची उपस्थिती जुनी तारीख खोटी ठरवते; त्याची अनुपस्थिती मात्र तारीख खरी ठरवत नाही, कारण जुना कोरा कागद आणि जुन्या पद्धतीची शाई आजही मिळवता येते. 'कार्बन-१४ ची चाचणी (किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून वस्तूचे वय काढण्याची पद्धत) का करत नाहीत?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण असे वरखाली होत राहिले की एकाच मोजमापाला तीनशे वर्षांच्या अवधीत अनेक वर्षे जुळतात. आपल्याला ज्या काळातली पत्रे तपासायची असतात, नेमक्या त्याच काळात ही प्रसिद्ध पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे.

पुसट झालेला मजकूर वाचण्यात मात्र गेल्या काही वर्षांत विलक्षण प्रगती झाली आहे, आणि येथे पुन्हा लिव्हिंगस्टनकडे यावे लागते. १८७१ मध्ये त्याच्याजवळचा कागद आणि शाई दोन्ही संपत आली होती. जुन्या वर्तमानपत्राच्या पानांवर, छापील ओळींना आडव्या ओळी काढून, वनस्पतीच्या रसाच्या शाईने तो लिहीत राहिला. काळाच्या ओघात ती शाई इतकी फिकट झाली की छापील मजकुराखाली त्याचे अक्षर नाहीसे झाल्यासारखेच होते. २०१० च्या सुमारास संशोधकांनी या पानांची अतिनीलपासून अवरक्तापर्यंतच्या वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली. छपाईची शाई काजळीची, म्हणजे कार्बनची, असल्यामुळे ती अवरक्त प्रकाशातही काळीच राहते. वनस्पतीची शाई तेथे पारदर्शक होऊन दिसेनाशी होते, पण निळ्या-जांभळ्या प्रकाशात ठळक उमटते. या दोन प्रतिमांची संगणकावर वजाबाकी केली की छपाई मागे हटते आणि हस्ताक्षर पुढे येते. अशा रीतीने वाचता आलेल्या पानांत १५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वे येथे झालेल्या हत्याकांडाची नोंद आहे. लिव्हिंगस्टनने तीच हकिकत पुढे नोंदवहीत स्वच्छ उतरवताना मूळ टिपणात फेरफार केले होते, हेही ताडून पाहता आले. मला या प्रकरणात तंत्रापेक्षा हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण प्रत्यक्षदर्शी माणूस आपलीच साक्ष काही महिन्यांत कशी बदलतो हे त्यातून डोळ्यांसमोर येते.

खोडलेल्या ओळींसाठी वेगळा उपाय आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि स्वीडिश सरदार आक्सेल फॉन फेर्सन यांच्या पत्रांतील काही ओळी कोणीतरी गिरवून झाकल्या होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरण प्रतिदीप्तीने (क्ष-किरण पाडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य जे आपले खास किरण बाहेर टाकते त्यांवरून ते ओळखण्याच्या पद्धतीने) दोन्ही शायांतील लोह, तांबे आणि जस्त यांची प्रमाणे मोजण्यात आली. जेथे ती पुरेशी वेगळी होती तेथे खालचा मजकूर वाचता आला. तपासलेल्या १५ पत्रांपैकी ८ पत्रांतच हे जमले, आणि खोडणारा हात खुद्द फेर्सनचाच असावा असा निष्कर्ष निघाला.

अशी यंत्रे हौशी शोधकाकडे नसतात. तरीही दिवा कागदाच्या अगदी कडेने तिरपा धरला, तर वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उठलेले दाब सावल्यांच्या रूपाने दिसतात, आणि कधी कधी त्यातून न पाठवलेल्या पत्राचा एखादा शब्दही हाती लागतो. मूळ कागद हाताळण्याची गरज नसलेला मार्ग म्हणजे उपलब्ध रंगीत छायाचित्राचे लाल, हिरवा आणि निळा हे घटक संगणकावर वेगळे करून पाहणे. यापलीकडे पत्राला पाणी, रसायन वा उष्णता लावू नये. वाचता न येणारे पत्र उद्या वाचता येईल, नष्ट झालेले येणार नाही.

पत्रातली मनःस्थिती वाचण्याबद्दल मी जरा कठोर आहे. शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला 'आता बरेच दिवस लिहिणार नाही' या साध्या वाक्यातही मृत्यूची चाहूल लागते. यावर उतारा एकच: त्याच माणसाची आधीची सगळी पत्रे काढावीत आणि तसे वाक्य पूर्वी किती वेळा आले होते ते मोजावे. मौनाचेही असेच आहे. दर आठवड्याला लिहिणारा माणूस महिनाभर गप्प राहिला तर ते अर्थपूर्ण आहे. ज्याच्या दोन पत्रांत कधी चार दिवस तर कधी तीन महिने जातात, त्याच्या महिनाभराच्या मौनातून काहीच कळत नाही. शब्दांच्या वारंवारतेवरून लेखक ओळखण्याची सांख्यिकी पद्धतही याच कारणाने एकट्यादुकट्या पत्रावर चालत नाही; तिला तुलनेसाठी पुष्कळ मजकूर लागतो.

अमेरिकेत १९३४ मध्ये बेपत्ता झालेला वीस वर्षांचा चित्रकार एव्हरेट रुएस हा अशा शोधकांचा आवडता विषय आहे. ११ नोव्हेंबर १९३४ रोजी युटा राज्यातील एस्कलांटे गावाजवळून भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपण दक्षिणेकडे कोलोरॅडो नदीच्या दिशेने, निर्जन प्रदेशात जात असल्याचे आणि महिना-दोन महिने टपाल कचेरी भेटणार नसल्याचे कळवले होते. साहजिकच घरच्यांना काळजी वाटायलाच उशीर झाला. पुढे शोधपथकाला त्याची गाढवे त्याच दिशेच्या डेव्हिस गल्च या घळीत आढळली, आणि तो स्वतः मात्र कधीच सापडला नाही. २००८ मध्ये युटाच्या आग्नेय कोपऱ्यातील कोम्ब रिज येथे काही हाडे मिळाली, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये डीएनए चाचणीच्या आधारे ती रुएसचीच असल्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी गूढ उकलल्याचे छापलेही. परंतु कोम्ब रिज पत्रात सांगितलेल्या दिशेला नव्हते. ते गाढवे सापडलेल्या घळीपासून पूर्वेला फार दूर, नदीच्या पलीकडे होते. शिवाय १९३० च्या दशकातील दंतवैद्यकीय नोंदी त्या दातांशी जुळत नसल्याचे युटातील पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिले. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी सैन्यदलाच्या डीएनए प्रयोगशाळेने फेरतपासणी केली आणि हाडे रुएसची नसल्याचा निर्वाळा दिला. आधीच्या चाचणीला हरकत घेण्याजोगा दिशेचा मुद्दा तोवर पंचाहत्तर वर्षे त्या पत्रात लिहिलेला होता.