रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचार : घ्यावा की नाही, हा निर्णय

पाळी जाण्याच्या काळात शरीरातले इस्ट्रोजेन घटते आणि त्यातून त्रास सुरू होतो. तो कमी करण्यासाठी हेच संप्रेरक बाहेरून, औषधाच्या रूपात देणे म्हणजे रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचार. दवाखान्यात त्याला ‘एचआरटी’ (हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी) किंवा नुसते ‘हॉर्मोनच्या गोळ्या’ म्हणतात. अलीकडच्या वैद्यकीय लेखनात ‘एमएचटी’ (मेनोपॉजल हॉर्मोन थेरपी) हे नाव रूढ होत आहे. जुन्या नावामागे, गेले ते भरून काढायचे, अशी कल्पना होती. जणू पाळी जाणे हा एखादे जीवनसत्त्व कमी पडल्यासारखा आजार. आताचा हेतू त्यापेक्षा खूप मर्यादित आहे. त्रास आहे तोवर आराम द्यायचा, आणि काही ठरावीक स्त्रियांत हाडे सांभाळायची.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. म्हणजे शेवटची पाळी शेवटची होती हे वर्षभराने कळते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१व्या वर्षी घडते, भारतात साधारण ४६-४७व्या. त्रास मात्र त्याआधीच, पाळी मागेपुढे होऊ लागली की सुरू होतो. अंगातून वाफा निघणे, रात्री पंख्याखाली असूनही उशी घामाने भिजणे, झोपमोड, चिडचिड, धडधड, योनीमार्गातला कोरडेपणा, वारंवार लघवीला लागणे. वाफांचे मूळ मेंदूत, हायपोथॅलॅमसमधल्या तापमान राखणाऱ्या केंद्रात असते. इस्ट्रोजेन घटले की तिथल्या काही चेतापेशी अतिसंवेदनशील होतात, आणि एरवी जाणवलीही नसती एवढी उष्णता वाढली तरी शरीर घाम काढून ती बाहेर टाकू पाहते. ‘वर्ष-सहा महिन्यांत जाईल’ हा घरोघरी दिला जाणारा दिलासा फारसा खरा नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला.

चाचण्यांत इस्ट्रोजेनने वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटली. याच चाचण्यांत औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी घेतलेल्या स्त्रियांच्या वाफाही निम्म्याहून अधिक कमी झाल्या होत्या. शेजारणीला अमुक काढ्याने गुण आला, ही गोष्ट ऐकताना हे लक्षात असलेले बरे. तरीही या त्रासावर इस्ट्रोजेनइतके परिणामकारक दुसरे औषध नाही, आणि याबद्दल वाद नाही. वाद आहे तो किमतीचा, म्हणजे धोक्याचा.

इतिहास : गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची ‘प्रीमरिन’ ही गोळी अमेरिकेत १९४२मध्ये बाजारात आली. १९६६मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा बरा करता येणारा हार्मोन-अभावाचा रोग ठरवला. ही गोळी घेणारी बाई कायम तरुण राहील, असा त्याचा सूर होता. औषध कंपन्यांचा पैसा त्याच्या संस्थेकडे येत होता, हे नंतर उघड झाले. १९७५मध्ये पहिला धक्का बसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग वाढतो, असे दिसून आले. कारण सरळ आहे. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक ते आवरते. एकटे इस्ट्रोजेन दिले की आवर घालणारे कोणी उरत नाही. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला दोन्ही संप्रेरके द्यायची, हा नियम झाला आणि तो आजही मोडायचा नाही.

पुढे विचार आणखी फोफावला. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी, असे निरीक्षणातून दिसत होते, म्हणून हृदय वाचवण्यासाठीही गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या असतात, ही गोष्ट त्या निरीक्षणातून पुरती वजा झाली नव्हती. ती तपासण्यासाठी अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड प्रयोग उभारला. दोन्ही संप्रेरके तपासणाऱ्या भागात, गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मिळून, १६,६०८ स्त्रिया होत्या. जुलै २००२मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनी, हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला आणि ‘हार्मोनने कर्करोग’ असे मथळे जगभर झळकले.

आकडे मथळ्यांपेक्षा शांत होते. वर्षभरात दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाचा कर्करोग गोळी घेणाऱ्या ३८ जणींना झाला, न घेणाऱ्या ३० जणींना. पक्षाघात २९ विरुद्ध २१, फुप्फुसात रक्ताची गुठळी १६ विरुद्ध ८, हृदयविकार ३७ विरुद्ध ३०. उलट बाजूला खुब्याचे हाड मोडणे १० विरुद्ध १५ आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १० विरुद्ध १६. ‘स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ’ आणि ‘दहा हजारांत आठ जास्त’ ही दोन्ही वाक्ये एकाच निष्कर्षाची आहेत. पण पहिले ऐकलेली बाई गोळ्या कचऱ्यात टाकते, आणि दुसरे ऐकलेली निदान विचार करायला बसते.

त्याहून मोठी अडचण अशी, की या स्त्रिया वेगळ्या होत्या. त्यांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेली. दवाखान्यात वाफांची तक्रार घेऊन येणारी बाई ४८ची असते. शिवाय तपासले गेले ते घोडीच्या मूत्रातले इस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टेरॉनसदृश औषध, दोन्ही तोंडावाटे. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या दुसऱ्या भागात फक्त इस्ट्रोजेन तपासले होते, आणि ते साधारण निम्म्या जणींना दिले होते. तो भाग २००४मध्ये पक्षाघाताच्या धोक्यामुळे थांबला, पण त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. पुढे १८ वर्षांच्या मागोव्यात एकूण मृत्यूंमध्ये गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत फरक आढळला नाही.

यावरून ‘२००२ची भीती खोटी होती’ असे म्हणण्याचा कल अलीकडे वाढला आहे. तोही उतावळेपणाच म्हणावा लागेल. जगभरच्या अभ्यासांची २०१९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली एकत्रित मांडणी सांगते, की पन्नाशीपासून पाच वर्षे दोन्ही संप्रेरके रोज घेतली तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० जणींमागे एक जादा स्तनकर्करोग होतो, फक्त इस्ट्रोजेन घेतले तर दर २०० जणींमागे एक. जितकी वर्षे जास्त, तितका धोका जास्त. पासष्टीनंतर उपचार सुरू करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका वाढल्याचेही अमेरिकी प्रयोगात दिसले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५मध्ये या औषधांवरच्या ठळक चौकटीतला इशारा बराचसा काढण्याचे जाहीर केले. नुसत्या इस्ट्रोजेनमुळे होणाऱ्या गर्भाशय-अस्तराच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम राहिला.

निर्णयाची सूत्रे : वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेली, त्रास खरोखर जाच करणारा आणि मनाई असलेला आजार नाही, अशा स्त्रीत फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो, यावर आता बहुतेक तज्ज्ञ संघटनांचे एकमत आहे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, कारण न कळलेला रक्तस्राव, पायात वा फुप्फुसात गुठळी, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, चालू यकृतविकार, यांपैकी काही असेल तर नाही. मावशीला किंवा आत्याला कर्करोग झाला होता एवढ्यावरून दार बंद होत नाही. पण ते डॉक्टरांना सांगायला हवे. तसेच तंबाखूचे. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला गावाकडच्या बाया नाही म्हणतात आणि ते खरेही असते. मिश्रीबद्दल कोणी विचारलेलेच नसते. सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, चरबी, स्तनांची तपासणी व वयानुसार मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि बहुधा सोनोग्राफी करतात. नुसता हृदयविकार टाळण्यासाठी, त्रास नसताना हा उपचार घेऊ नये.

पिशवी आणि अंडाशय : महाराष्ट्रात या निर्णयातला पहिला प्रश्न एका शब्दापाशी अडतो. ‘माझी पिशवी काढलीय’ असे बाई सांगते, पण अंडाशय ठेवले की तेही काढले, हे त्या वाक्यातून कळत नाही. कित्येकदा तिलाही ते ठाऊक नसते. फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे. अंडाशय राहिले असतील तर पाळी थांबते, इस्ट्रोजेन चालू राहते. दोन्ही अंडाशय गेले असतील तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रजोनिवृत्ती होते, आणि हळूहळू येणारा त्रास काही दिवसांत एकदम अंगावर कोसळतो. डिस्चार्ज कार्डावर ‘बीएसओ’ ही अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशय काढले आहेत. कागद हरवला असेल तर सोनोग्राफी आणि रक्ततपासणीवरून अंदाज बांधता येतो.

२०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कर्करोगाची घातलेली भीती आणि पाळीपायी पडणारा खाडा न परवडणे, अशी कारणे पुढे आली. खरे तर पिशवीबरोबर चाळिशीच्या आत अंडाशयही गमावलेली स्त्री हीच या उपचाराची सर्वांत ठाम गरजू. मनाई नसेल तर तिने निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावे, असा सल्ला आहे, कारण न घेतल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. २००२चे धोक्याचे आकडे पन्नाशीपुढच्या बायकांचे आहेत. ते तिला लागूच होत नाहीत. तरी शहरातल्या ५२ वर्षांच्या बाईपुढे निदान हो-नाहीचा प्रश्न येतो, आणि फडावर कोयता चालवणाऱ्या तिशीतल्या बाईपुढे तो बहुधा येतच नाही. गर्भाशय नसल्याने तिला प्रोजेस्टेरॉनचीही सहसा गरज नसते. म्हणजे उपचार सोपाही आहे.

औषधाची रूपे : ‘हार्मोन’ हे एकच औषध समजून घेतलेला निर्णय अर्धवट असतो. पोटात घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. दंडावर किंवा मांडीवर चोळायचे जेल आणि त्वचेवर चिकटवायची पट्टी हा वळसा टाळतात. निरीक्षणांमध्ये त्यांच्यामुळे नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. म्हणून वजन जास्त असलेल्या किंवा अर्धशिशीच्या रुग्णांत ते पसंत करतात. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२-१४ दिवस दिले तर दर महिन्याला रक्तस्राव होतो. ‘सुटले एकदाचे’ म्हणणाऱ्या बाईला हे आधी सांगितले नाही, तर ती पहिल्याच महिन्यात औषध सोडते. रोज दिले तर सुरुवातीचे काही महिने थोडे डाग पडतात, मग थांबतात. त्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर तपासणी टाळू नये. पाळी नुकतीच अनियमित झालेल्या स्त्रीला हा उपचार गर्भनिरोधक म्हणून चालत नाही, हेही बरेचदा सांगायचे राहून जाते.

तक्रार फक्त कोरडेपणाची, संबंधाच्या वेळी दुखण्याची किंवा लघवीच्या वारंवार संसर्गाची असेल तर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम पुरते. ते रक्तात अगदी थोडे उतरते, त्यामुळे वरची धोक्याची चर्चा त्याला जवळपास लागू नाही. पन्नाशीच्या कितीतरी बाया हे दुखणे लाजेपोटी सांगत नाहीत, आणि सर्वांत निर्धोक उपाय त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

इस्ट्रोजेन चालत नसेल तर नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत किंवा गॅबापेंटिन हे मुळात फिट्सवरचे औषध वाफांवर काही अंशी काम करतात. अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळालेले फेझोलिनेटंट थेट मेंदूतल्या त्या चेतापेशींवर काम करते. यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे त्याबरोबर रक्ततपासण्या लागतात. शतावरी कल्प आणि सोयाबीन यांची घरोघरी चलती आहे, पण इस्ट्रोजेनच्या जवळ जाईल असा परिणाम त्यांनी दाखवलेला नाही.

थांबवणे : पाच वर्षे झाली की बंद, असा सरसकट नियम आता मानत नाहीत. दरवर्षी एकदा बसून त्रास, वय, स्तनांची तपासणी आणि रक्तदाब पाहून ठरवतात. बंद केल्यावर जवळपास निम्म्या स्त्रियांना वाफा पुन्हा येतात. हळूहळू मात्रा कमी केली काय किंवा एकदम सोडले काय, त्यात फारसा फरक पडत नाही. वाफा यथावकाश ओसरतात. कोरडेपणा तसा ओसरत नाही, उलट वयाबरोबर वाढतो, म्हणून गोळ्या थांबल्यावरही क्रीम सत्तरीपर्यंत चालू ठेवणाऱ्या स्त्रिया आहेत.