सफरचंद आडवं कापा

नवरात्राच्या सुमारास जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाजारात हिमाचल-काश्मीरच्या नव्या सफरचंदांच्या हातगाड्या लागतात. त्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याकडून सीताफळांच्या टोपल्या येतात, आणि केळी तर आपल्याकडे बारमाही. चार-सहा वर्षांच्या मुलांना विज्ञान दाखवायला याहून चांगलं साहित्य मिळणार नाही. आपल्या मुलांची सफरचंदाशी पहिली ओळख बहुतेकदा तक्त्यावरच्या चित्रातून होते. ते फळ त्यांच्या हातात पडावं, त्यांनी ते उलटंपालटं करून बघावं, असं मला फार वाटतं.

आधी देठाच्या विरुद्ध बाजूची खळगी दाखवा. तिच्यात सुकलेली, तपकिरी टोकं दिसतात. ती फुलाची निदलं, म्हणजे फुलाखालची हिरवी पानं. फळ मोठं झालं तरी फुलाचा हा अवशेष तिथंच राहिला. आता फळ आडवं कापा; सुरी अर्थातच मोठ्यांच्या हातात. आपण नेहमी उभं कापतो, त्यामुळे आतली पाच टोकांची चांदणी कधी दिसतच नाही. ‘हाई तं चांदनी शे!’ असं एखादं पोर ओरडतंच. सफरचंदाच्या फुलाला पाकळ्या पाच आणि आत बियांचे कप्पेही पाच. एका कप्प्यात साधारण दोन बिया, म्हणजे सगळ्या मिळून दहाच्या आसपास. मुलांना मोजू द्या. प्रत्येक फळात आकडा वेगळा येतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

बाजारातून मुद्दाम एक वाकडं सफरचंद आणा, एका बाजूला फुगलेलं, दुसरीकडे बसकं. कापण्याआधी मुलांना विचारा, बिया कुठल्या बाजूला जास्त असतील? बऱ्याचदा बसक्या बाजूच्या कप्प्यांत बिया कमी किंवा पोचट निघतात. वाढणाऱ्या बियांमुळे आजूबाजूच्या गराला वाढीची संप्रेरकं मिळतात; बी धरली नाही की ती बाजू मागे पडते. आणि बी धरायला मधमाशीनं परागकण आणावे लागतात. फुलोऱ्याच्या दिवसांत तिकडे डोंगरात मधमाशी पुरेशी फिरली की नाही, याची खूण आपल्या ताटात येऊन पडते.

आता शेजारी सीताफळ ठेवा. त्याचा प्रत्येक डोळा हा फुलाचा वेगळा भाग, आणि सगळे जुळून एक फळ होतं. इथं परागकण नेणारे मधमाशा नसून बारीक भुंगेरे असतात. जिथं परागण झालं नाही तिथले डोळे भरत नाहीत आणि सीताफळही वाकडं होतं. केळीची गोष्ट निराळीच. तिला परागण लागतच नाही, म्हणून बीही नाही. चकतीच्या मधोमध दिसणारे काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बियांची जागा. एवढी तीन फळं समोर असली की तास कसा जातो कळत नाही. बिया मात्र कुणी चावू नयेत. सीताफळाची बी तर फोडूही नये, तिची पूड डोळ्यांना घातक असते. खायला देताना फोडी पातळ करा, लहानग्यांच्या घशात जाड तुकडा अडकतो.

कापलेली फोड तपकिरी होते तीही दाखवा. पेशी फाटल्या की आतलं विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं रंग तयार करतं. एका फोडीवर लिंबू पिळा, दुसरी तशीच ठेवा. भाजीसाठी चिरलेली वांगी आपण मिठाच्या पाण्यात टाकतो, ती याच कारणानं.

रावेर-यावलच्या मुलांसाठी खास प्रयोग केळीचा. एकाच फणीतली दोन हिरवी केळी घ्या. एक कागदी पिशवीत सुगंधी, पिकल्या सफरचंदासोबत ठेवा, दुसरं तशाच पिशवीत एकटं. दोन्हींची तोंडं दुमडा. रोज एकदा उघडून केळ्याचा रंग खडूनं वहीत भरायचा. सफरचंदासोबतचं केळं सहसा आधी पिवळं पडतं, कारण पिकलेलं सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतं. फळं स्वतःच हा वायू तयार करतात, हे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवरच दाखवलं. आंब्याच्या आढीत तोच साठतो, आणि केळी पिकवायच्या बंद खोल्यांत तोच मोजून सोडतात.

‘मग आपल्या मळ्यात सफरचंद का नाही?’ हा प्रश्न येणारच. सांगा, की हिमाचल-काश्मीरच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी सुमारे १००० तास मिळाली तरच कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे कडाक्याच्या रात्री मोजक्याच. कमी थंडीत येणाऱ्या काही जाती आता मैदानी भागातही लावतात.

पिशव्यांचा प्रयोग ऑक्टोबरच्या उन्हात भरभर उरकतो, म्हणून केळी अगदी हिरवी निवडा. आणि तिसऱ्या पिशवीत सीताफळ ठेवून बघू, असं एखाद्यानं सुचवलं तर नक्की ठेवू द्या; पिकताना तेही इथिलीन सोडतं.