कोठीत धान्य किती मावेल?

‘पाच क्विंटलची कोठी द्या’ असे सांगताना पाच क्विंटल काय ठेवणार तेही सांगा. ज्या कोठीत गहू चार क्विंटल मावतो, तिच्यात साळ तीनच क्विंटल बसते आणि भुईमुगाच्या वाळल्या शेंगा दीड क्विंटलही नाहीत. म्हणून आधी लिटर काढायचे, किलो नंतर.

गोल कोठीचा व्यास आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × उंची × ०.७८५ करून १००० ने भागा, लिटर मिळतील. व्यास ७५ आणि उंची १२० असेल तर सुमारे ५३० लिटर. उंची सरळ भागाचीच धरा, वरची उतरती टोपी सोडा. व्यास आडवी टेप लावून घेऊ नका, ती नेमकी मध्यातून जातेच असे नाही. बाहेरून घेर मोजून ३.१४ ने भागा. पत्रा इतका पातळ असतो की आत-बाहेरचा फरक सोडून दिला तरी चालतो. व्यास मात्र हिशेबात दोनदा येतो. या कोठीत तो अडीच सेंटिमीटर चुकला तर ३५ लिटर, म्हणजे २७ किलो गव्हाचा फरक पडतो.

आता किलो. लिटरमागे गहू साधारण ०.७८ किलो, ज्वारी ०.७३, सोयाबीन ०.७२, साळ ०.५७. वरच्या कोठीत गहू ४१३ किलो, ज्वारी ३८७, साळ ३०२. वाण आणि दाण्याचा भरणा यांनुसार आकडे हलतात, तेव्हा आपल्याच धान्याचे माप काढलेले बरे. एक डबा काठोकाठ पाण्याने भरून वजन करा, डब्याचे वजन वजा करा. उरलेले जितके किलो तितके लिटर. डबा कोरडा करून त्यात धान्य ओता, न ठोकता सपाट करा, तोला. धान्याच्या किलोंना त्या लिटरांनी भागा.

हिशेब बरोबर असूनही ‘कोठीत कमी मावले’ ही तक्रार येते. बहुतेकदा कारण ढिगाचे असते. मधोमध ओतलेला गहू सुमारे २५ अंशांचा उतार धरतो. ढिगाचे टोक काठाला लागले तरी या कोठीत कडेला १७ सेंटिमीटर रिकामे राहते, जवळजवळ ४० किलोंची जागा! अधूनमधून हाताने धान्य कडेला सारा.

दुसरे कारण ओल. ओलसर दाणा फुगलेला असतो, लिटरला कमी भरतो आणि पुढे बुरशी धरतो. दाताखाली कटकन फुटेल इतका वाळवा. उन्हातून आणलेले धान्य रात्रभर निवू द्या, नाहीतर पत्र्याला आतून पाणी सुटते.

ऑर्डर देताना धान्य, किलो आणि दाराची आतली रुंदी कळवा. अडीच फुटी दारातून ७५ सेंटिमीटरची कोठी जेमतेम जाते. कडी-कोयंडा आडवा आला की तीही नाही.